भांड्यांचा आवाज

बीदरजवळच्या कमठाण्यात पिराप्पा ओळखला जायचा तो आवाजावरून. गावाबाहेरच्या देवळात बिरोबाची ओवी गायला लागला की वेशीपर्यंत ऐकू यायचा. मेंढरांना हाक मारली तर शेजारच्या शिवारातली परकी मेंढरंसुद्धा माना वर करायची. पण एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसानं लग्न झाल्यापासून बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. तिचं नाव नागूबाई. नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, म्हणून पिराप्पासाठी ती जन्मभर नुसती ‘आगं ए’ होती. नागूबाईची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्या ‘ए’मधला राग कोणता, भूक कोणती आणि लाड कोणता, हे तिला बरोबर कळायचं.

घरात टेप आली ती अनिलकुमारमुळं. अनिल त्यांचा मुलगा, गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत कामाला. बाप एकटाच रानात मेंढरांमागं फिरतो, त्याला करमणूक पाहिजे म्हणून त्यानं खिशात मावेल असं एक यंत्र आणलं. एका बाजूला जाळीचा स्पीकर, वर एक लाल बटण, आत नखाएवढी चिप. त्यात गाणी वाजत, रेडिओ लागे आणि लाल बटण दाबलं की आपला आवाज भरून ठेवता येई. टेप म्हणून त्यात काहीच नव्हतं. पण पिराप्पा टेप म्हणाला, मग सगळं गावही टेपच म्हणू लागलं. नागूबाईनं जुन्या घोंगडीच्या तुकड्याची पिशवी शिवून दिली आणि ती टेप त्याच्या गळ्यात जी पडली ती झोपतानाच निघायची.

मग काय विचारता! शेजारच्या मल्लम्माचं जावेशी झालेलं भांडण त्यानं गुपचूप भरून घेतलं आणि पारावर सगळ्यांना ऐकवलं. मल्लम्मा त्याला आठवडाभर शिव्या देत होती. स्वतःची ओवी भरायची, मग डोळे मिटून ऐकायची आणि मधेच मान डोलवून म्हणायचं, ‘व्वा!’ त्याच्यामागं झील धरणारा, म्हणजे त्यानं सोडलेली ओळ उचलून पुढं नेणारा जोडीदार चन्नवीर. तो म्हणायचा की पिराप्पाला आता आमची गरजच उरली नाही, स्वतःच गातो आणि दादही स्वतःच देतो. नागूबाई तोंडाला पदर लावून हसायची. मात्र ओवी भरताना पिराप्पा भलता कडक असे. कोंबडं आरवलं, कुणी खोकलं, की झालं. ते सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी थंडीत त्याचा घसा बसला तो सुटेचना. सुंठगूळ झाला, हळदीचं दूध झालं, बिडी सोडून झाली. बीदरच्या डॉक्टरनं गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि अनिलला बाजूला घेऊन सांगितलं की गळ्यात गाठ आहे, वाईट आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचला तर वाचेल, आवाज मात्र राहणार नाही. ते पिराप्पाला सांगायची हिंमत कुणाला होईना. शेवटी त्यानंच अनिलच्या तोंडाकडं बघून ओळखलं आणि गळ्यातली टेप मुठीत धरली.

ऑपरेशनला अवकाश होता. घरी आल्यावर पिराप्पानं चन्नवीरला बोलावून घेतलं आणि उरलेला आवाज टेपमध्ये भरायला बसला. पहिल्यांदा मेंढरांची हाक भरली. मग मुलगी तुळजा, जी औरादला दिलेली, तिला आशीर्वाद. मग अनिलला चार शब्द. मग नेटानं बिरोबाची ओवी, थोडी सकाळी, थोडी दुपारी, घसा चालेल तशी. घरात सगळ्यांना दरडावून ठेवलं होतं. नागूबाई भाकरी थापायची ती सुद्धा हात आखडून.

एकदा अनिल म्हणाला, “अप्पा, मायसाठी बी बोला की कायतरी.”

पिराप्पा नव्या नवऱ्यासारखा लाजला. म्हणाला, “तिला कशाला पायजे टेपीत? ती तर हितंच हाय की.”

दाराआड नागूबाई उभी होती. तिलाही लाज वाटली आणि ती लगबगीनं परसात निघून गेली, जणू तिकडं काहीतरी उतू चाललं होतं. खरं म्हणजे तिला पाहिजे होतं. एक वाक्य, नुसतं तिच्यासाठी, नाव न घेता सुद्धा चाललं असतं. पण आपल्या नवऱ्याकडं असलं काही मागायचं तर कुठल्या तोंडानं मागायचं? तिनं मनाला समजावलं की अजून दिवस आहेत.

ओवीच्या शेवटी शेवटी पिराप्पाचा आवाज फाटायला लागला होता. गुलबर्ग्याला निघायच्या आदल्या दिवशी तो शेवटचा भाग गात होता आणि चुलीपाशी नागूबाईच्या हातून परात निसटली. तिच्यावर ताटं, ताटांवर वाट्या. सगळ्या घरभर खणखणाट झाला. पिराप्पा गाता गाता थांबला आणि आतल्या बाजूला तोंड करून तिच्यावर खेकसला. नागूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा पुन्हा पहिल्यापासून गाणार, आणि त्याच्यात तेवढा जोर नाही, हे तिला दिसत होतं. पण तो पुन्हा गायला नाही. पाणी प्यायला, दम घेतला आणि राहिलेलं तिथूनच पुढं गाऊन संपवलं.

ऑपरेशन झालं. पिराप्पा गळ्याला भोक घेऊन घरी आला. बायकोला बोलवायला आता एडक्याच्या गळ्यातली घंटी वाजवायचा. घंटीत ना राग कळे ना लाड. नागूबाई प्रत्येक वेळी धावत यायची आणि त्याच्या तोंडाकडं बघून काय पाहिजे ते हुडकायची. एकदा त्यानं रानात टेप लावून मेंढरांची हाक वाजवली. मेंढरं धावत आली, घोंगडीची पिशवी हुंगून त्याच्याकडं न बघताच इकडंतिकडं मालकाला शोधू लागली. पिराप्पा बांधावर बसून रडला, आवाज न करता, कारण आवाज नव्हताच. घरी येऊन त्यानं टेप कोनाड्यात ठेवली ती पुन्हा हातात घेतली नाही. पुढची थंडी त्याला झेपली नाही. गाठ परत आली होती.

दिवसकार्य झाल्यावर कोनाडा पुसताना सुनेच्या, महानंदाच्या, हाताला टेप लागली. तिनं ती चार्जिंगला लावून बटण दाबलं आणि घरात पिराप्पा गायला लागला. नागूबाई भांडी घासत होती ती तशीच राखेच्या हातांनी बसून राहिली. ओवी पुढं सरकत गेली. चन्नवीरची झील, मग पिराप्पा, मग पुन्हा झील. आणि अचानक तोच खणखणाट, आणि पाठोपाठ तो:

“आगं ए, भांडी कामून आदळायलीस? तुजा आवाज यायलाय ह्याच्यात. गप बस की जरा. एवढं झालं की येतो मी चा प्यायला.”

चहाचं तिच्या कधी लक्षातच राहिलं नव्हतं. खेकसणं तेवढं लक्षात होतं. शेवटचं वाक्य त्यानं किती खाली आवाजात, किती मऊ म्हटलं होतं! मुलीला आशीर्वाद मिळाला, मुलाला उपदेश, देवाला ओवी. तिच्या वाट्याला हे आलं होतं, आणि ते नुसतं तिचंच होतं.

त्या दिवसापासून तिचा एक परिपाठ झाला. सकाळी सगळे कामाला गेले की भांड्यांचा ढीग घेऊन बसायचं, टेप लावायची आणि ती जागा आली की मुद्दाम परात आपटायची. पिराप्पा रागवायचा. चहाला येतो म्हणायचा. मग नागूबाई उठून चहा ठेवायची. आता याला कुणी वेड म्हणेल, तर म्हणू दे बापडं.

जत्रा जवळ आली. पिराप्पाच्या मागं ओवी गाणारं कुणी नव्हतं. चन्नवीर घरी आला आणि म्हणाला की यंदा देवळात टेपच लावू, पिराप्पाचाच आवाज देवापुढं जाऊ दे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अनिलनं टेप हातात घेऊन ओवी थोडी ऐकली.

“माय, ह्यात भांड्याचा लई आवाज हाय,” तो म्हणाला. “नौबादच्या वीरण्णाकडून साफ करून आणतो.”

वीरण्णा लग्नाची शूटिंग करायचा. त्याच्याकडं कॉम्प्युटर होता. नागूबाईला म्हणायचं होतं की बाबा, तेवढं राहू दे. पण चन्नवीर बसलेला, सून उभी. नवऱ्याच्या रागावण्यासाठी जीव तुटतो हे या वयात पोटच्या पोराला, परक्या माणसासमोर, कसं सांगायचं? ती एवढंच म्हणाली, “समदंच कशाला काढायचं?”

“जत्रात लोक हासतील, माय,” अनिल समजुतीनं म्हणाला. तो मुलगा गुणाचाच होता.

जत्रेत देवळावरच्या भोंग्यातून पिराप्पा गायला. माणसं हात जोडून उभी होती. बायकांत मागं बसलेली नागूबाई ओळीमागून ओळ मोजल्यासारखी ऐकत होती. ती जागा आली. तिचे हात मांडीवर घट्ट झाले. आणि ओवी सरळ पुढं निघून गेली, कुठं सांधा नाही, कुठं खरखर नाही. शेजारची मल्लम्मा डोळे पुसत म्हणाली की आवाज कसा निर्मळ आलाय. नागूबाईनं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं अनिलला हळूच विचारलं, “त्ये जुनं कुठं हाय रं?”

“जुनं कशाला ठिवायचं? वीरण्णानं पुसून त्याच्याच जागी हे चांगलं भरून दिलं,” अनिल म्हणाला. आईसाठी आपण काहीतरी केलं याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. तो आनंद मोडायचं तिला जमलं नाही. आतल्या आत मात्र ती त्याच्यावर नाही, स्वतःवरच जळत होती. एक शब्द बोलली असती तर पिराप्पा राहिला असता. लाजेपायी दुसऱ्यांदा घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भांडी काढली. टेप लावून ओट्यावर ठेवली आणि घासत बसली. ती जागा आली. तिनं परात आपटली. मग उचलून पुन्हा आपटली, पहिल्यापेक्षा जोरात.

“आत्या, काय पडलं?” महानंदानं बाहेरून विचारलं.

“कायबी न्हाई,” नागूबाई म्हणाली. परात हातात धरून ती वाट बघत राहिली, आणि पिराप्पा न थांबता गात राहिला.