गुरुलिंगअण्णांची कवळी आणि प्रभाताईंचं कार्ड

प्रभाताई बोरामणीकर यांच्याकडून कार्ड आलं नाही, तर जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत माणसाला आपला वाढदिवस खरंच झाला का, अशी शंका यायची. कार्ड म्हणजे दुकानात मिळतं ते गुलाब छापलेलं नव्हे. घडीचं कार्ड. उघडलं की आतून काहीतरी उठून उभं राहणार. कुणाचं नवं घर, कुणाची म्हैस, कुणाची दाढ काढल्यावर सुजलेला गाल. मिटलं की सगळं निमूट आडवं.

नोकरीत त्या अनुरेखक होत्या. साहेबांनी काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर जसाच्या तसा गिरवायचा, एवढंच काम. साहेबांचा हात थरथरला असेल तर ती थरथरसुद्धा गिरवायची. अशी सगळी हयात दुसऱ्याच्या रेघेवरून पेन फिरवण्यात गेल्यावर निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीच त्यांनी ठरवलं की आता जे काढायचं ते आपल्या डोक्यातलं. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. नवरा वेणीमाधव, संस्कृतचे मास्तर, स्वभावाने गरीब. ते ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. घडीच्या जागी रेघ दाबायला संपलेली रिफिल, कापायला कटर, आणि चिकटवायला मैद्याची खळ. बाटलीतला गोंद सोलापूरच्या उन्हाळ्यात ब्रशवरून कागदापर्यंत पोचेतो वाळतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी खुशाल गोंद वापरावा. खळीत झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. वेणीमाधवांनी एकदा ती खळ पिठलं समजून भातावर घेतली होती. घास तोंडाशी जायच्या आत ताट हिसकावलं गेलं, म्हणून हे पुढचं सगळं त्यांना पाहायला मिळालं.

तर झालं असं, की समोरच्या दिपालीच्या बाळाचं बारसं होतं. पाळण्याशेजारी टेबलावर आहेर मांडलेला. झबली, टोपडी, वाळे, आणि त्यात एक ओळखीची कड. प्रभाताईंनी ती ओढून उघडली, तर आत शिलाई मशीन उभं राहिलं. चाक फिरवलं की सुई वरखाली होत होती. आता पाळण्यातल्या पोराला शिलाई मशीन कशाला? हे तर त्यांनी सावित्रम्माच्या साठीला केलेलं. कोपऱ्यावर शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, त्याची मालकीण ती सावित्रम्मा. तिचं नाव सोनेरी अक्षरांत जिथे लिहिलं होतं, तिथे लग्नपत्रिकेतून कापलेला गणपती चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, चि. बाळास आशीर्वाद.

प्रभाताईंनी नखाने गणपती उचकटला. त्याखाली वास्तुशांतीच्या शुभेच्छा निघाल्या, कुणा उदयसिंहांना. त्या उचकटल्या, तर खाली डोहाळजेवण. आणि कांद्याच्या अगदी गाभ्यात सावित्रम्मा. म्हणजे हळदीकुंकवाचा खण जसा या घरून त्या घरी, त्या घरून तिसऱ्या घरी फिरतो, घडीसुद्धा न मोडता, तसं आपलं कार्ड गावभर फिरतंय. तेवढ्यात आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. प्रभाताईंचा धपाटा असा बसला की ती आत्या पाळण्यावरच वाकली.

तशाच त्या कारखान्यावर गेल्या. सावित्रम्माला तोंडावर विचारलं, आडपडदा ठेवला नाही. ती बाई जराही ओशाळली नाही. हाफ पँटींच्या ढिगामागून तिने वर पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं सांगितलं, “प्रभाताई, तुमी संक्रांतीला दिलेला खण मी ठेवून घेतला. तो पुढं द्यायच्या लायकीचा नव्हता. कार्ड चांगलं होतं, म्हणून दिलं.”

यात मान झाला की अपमान, हे ठरवत प्रभाताई घरापर्यंत आल्या आणि अपमान झाला असं त्यांनी ठरवलं. एक तरी कार्ड असं करायचं की ते ज्याला दिलं त्याच्याच घरात राहिलं पाहिजे. नाव बुजवता येतं. मग नाव कशाला, सबंध माणूसच घालायचा कार्डात. तोही असा की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येणार नाही.

माणूस शेजारच्याच घरात होता, खाली ओटा आणि वर बिऱ्हाड. गुरुलिंगअण्णांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. अण्णा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे अक्कलकोटकडचे. अजून खुर्चीत बसले तरी डावा हात गिअरवर असल्यासारखा बाजूला लोंबता ठेवतात. मिशा काळ्या करतात, डोकं पांढरं ठेवतात. जेवायच्या आधी कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवतात आणि जेवण झाल्यावर घरभर शोधतात. प्रभाताई बाल्कनीत वही घेऊन बसायला लागल्या. अण्णा ओट्यावर आले की पोटाचा घेर, मानेची वळी, झोपेत उघडलेलं तोंड, सगळं टिपायचं. चार दिवसांत अण्णांच्या लक्षात आलं आणि ते ओट्यावर येताना भांग पाडून यायला लागले. मग त्यांच्या बायकोच्याही लक्षात आलं. चंद्रव्वा प्रभाताईंचा जिना चढून थेट आत आली.

“अक्का, आमच्या मालकाकडं काय बघत असताव तुमी?”

“काम आहे.”

“पंच्याहत्तरीत त्यांचं कसलं काम ऱ्हायलंय आता?”

गुपित आहे, असं प्रभाताई म्हणाल्या. याने कुणाचं समाधान होतं? चंद्रव्वाने त्याच दिवशी ओट्यापुढे दोरी बांधून तिच्यावर सोलापुरी चादर वाळत घातली. पुढे कितीतरी दिवस ती चादर वाळलीच नाही. प्रभाताईंना अण्णांची डावी बाजू तेवढी दिसायची, त्यामुळे कार्डातले अण्णा डावीकडून जास्त सुबक झाले आहेत.

पण कार्ड काय झालं! मिटलेलं असताना एस.टी.चं लाल तोंड, वर पाटी, सोलापूर ते करमाळा. उघडलं की काच उभी, काचेमागे स्टिअरिंग, स्टिअरिंगला टेकलेलं पोट आणि पोटामागे अण्णा. खाली कागदाची एक पट्टी. ती ओढली की अण्णांचं तोंड उघडायचं आणि कवळी सुळकन बाहेर येऊन चांदीच्या कागदाच्या वाटीत पडायची. ही कवळी जमता जमेना. पहिल्यांदा ती वर उडून कपाळाला लागली. दुसऱ्यांदा कानातून निघाली. वेणीमाधव मांडीवरचं ताट सांभाळत म्हणाले की हे पाहून त्या माणसाला राग आला तर? येऊ दे, असं प्रभाताई म्हणाल्या. जिचा राग आला ती वस्तू कुणी आहेरात पुढे देत नाही, हाच तर त्यातला मुद्दा होता.

अण्णांच्या मागे कंडक्टरच्या जागी चंद्रव्वा उभी केली होती, पदर खोचून, घंटीची दोरी मुठीत धरून. आणि खाली एकच ओळ: ‘गाडी आपण चालवली, असं गुरुलिंगअण्णांना वाटतं.’

कार्यक्रम मारुतीच्या देवळाच्या सभागृहात झाला. कोपऱ्यावर गॉगल घातलेल्या अण्णांचा फ्लेक्स, आत गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा वास, अण्णांना फेटा. प्रभाताईंनी कार्ड हातात दिलं आणि अण्णांनी तिथेच माईकपुढे उघडून पट्टी ओढली. पहिल्या रांगेला दिसलं ते एवढंच, की अण्णांचं तोंड वासलं आणि आतून काहीतरी बाहेर पडलं. अण्णांनी पट्टी पुन्हा एकदा ओढली. मग त्यांना असं हसू फुटलं की खऱ्या कवळीला हात लावून धरावं लागलं. दुसऱ्या रांगेने माना लांब केल्या. तोवर चंद्रव्वाने कार्ड काढून घेतलं होतं. ओठ हलवत तिने ती ओळ वाचली. प्रभाताईंकडे एकदा पाहिलं. मग कार्ड मिटून नारळाच्या पिशवीत कोंबलं आणि ती पिशवी मांडीखाली घेऊन बसली, ती कार्यक्रम संपेपर्यंत उठली नाही.

त्यानंतर प्रभाताई गल्लीतल्या प्रत्येक कार्याला गेल्या, बोलावणं नसलं तरी. आधी आहेराचं टेबल, मग यजमान. खण फिरले, पितळी समया फिरल्या, एक भिंतीवरचं घड्याळ तर बंद पडूनसुद्धा फिरत होतं. एस.टी. कुठेच दिसली नाही. जिंकल्याचं सुख काही दिवस पुरलं. मग आत कुठेतरी खाजायला लागलं. आजवर केलेलं सगळ्यात चांगलं कार्ड, आणि ते पाहिलं कुणी? जेमतेम एका रांगेने.

आणि त्या एका रांगेने घोटाळा केला. गिरणीत दळणाच्या रांगेत एक बाई प्रभाताईंच्या कानाशी लागून म्हणाली की तुम्ही अण्णांचं तसलं काहीतरी काढलंत म्हणे, ओढलं की बाहेर येणारं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेतो कवळीची कवळी राहिली नव्हती. चंद्रव्वाने झडप घालून लपवलं, म्हणजे तसंच काही असणार, असा गल्लीचा निवाडा. शिकलेली बाई, पांढरे केस, आणि ही असली चित्रं! कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. लोक गोड बोलून टाळायला लागले. दिपालीनेही कळवलं की नणंदेच्या लग्नाला कार्ड नको ताई, फोनवरच आशीर्वाद द्या. टेबल रिकामं पडलं. वेणीमाधव त्याच्यावर ताट ठेवून जेवू लागले आणि त्यांचा चांगला चाललेला घास पाहून प्रभाताईंचं डोकं आणखीच फिरलं.

शेवटी त्या चंद्रव्वाकडे गेल्या. म्हणाल्या, ते कार्ड बाहेर काढ आणि चार लोकांना दाखव. चंद्रव्वाने आधी दाराला कडी घातली. मग कपाटातून दागिन्यांचा डबा काढला, डब्याखालून कार्ड काढलं आणि पलंगावर उघडलं. एस.टी. उभी राहिली. घडी कुठेही मोडली नव्हती, कवळी एका ओढीत वाटीत पडली. प्रभाताईंना आपल्याच हाताचा हेवा वाटला. त्यांनी एका दिवसापुरतं मागून पाहिलं. मग तासापुरतं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नसतं.

“अगं, दे की कुणाला तरी आहेरात. सावित्रम्मालाच दे. फिरू दे गल्लीभर.”

“न्हाई.” चंद्रव्वाने कार्ड मिटलं. “माज्या हातातली दोरी येवड्या वर्सांत कुनी बघितली न्हाई, अक्का. तुमी बघितली. आता ते माज्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

प्रभाताईंनी स्वतःच दाराची कडी काढली. आणि त्या आणखीच चिडून खाली उतरल्या. फाटकात सावित्रम्मा उभी. सोबत कारखान्यातल्या दोघीतिघी. तिने मात्र गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. सरळ विचारलं की त्या कार्डात नेमकं काय हाय.

आता कागद नव्हता, कटर नव्हता, कार्ड तर कडीकुलपात. प्रभाताईंनी ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची ओढून भर रस्त्यात मांडली. पदर खोचून बसल्या. पोट पुढे काढलं, डावा हात गिअरवर टाकला, आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसमक्ष करमाळ्याची गाडी सुरू केली. तोंडाने घरघर केली. मग आ वासला आणि मुठीतला रुमाल तोंडापासून मांडीपर्यंत आणून टाकला. ही कवळी, म्हणाल्या. कवळी आहे ती, दुसरं काही नाही. गिरणीतली बाई डोक्यावरच्या डब्यासकट थांबली. दिपाली बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. वेणीमाधवांनी बाल्कनीतून हे पाहिलं आणि ते आत गेले.

कुणाला पटल्यासारखं दिसेना. रुमाल तो रुमाल. तेवढ्यात ओट्यावरचे गुरुलिंगअण्णा उठले. बराच वेळ त्यांना बघवत नव्हतं, ते वेगळ्या कारणाने.

“ताई, असा रिव्हर्स पडत न्हाई. गिअर मोडंल की. उटा तुमी.”

खुर्चीत अण्णा बसले. मांडी ठोकली, हात टाकला, आणि रिव्हर्स कसा टाकतात ते गल्लीला दाखवलं. मग पुढची गोष्टही पुराव्यानिशी दाखवावी म्हणून त्यांनी आपली कवळी काढून तळहातावर धरली आणि चारी दिशांना फिरवली. बाळ तेवढं खिदळलं. बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. गिरणीतल्या बाईला ते जवळून बघायचं होतं, तिने डबाच खाली ठेवला. अण्णा रंगात आले. बिनदातांच्या तोंडाने त्यांनी हॉर्न दिला आणि गाडी घाटात घातली, सोलापूर-करमाळा रस्त्यावर घाट नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनसुद्धा.

“मालक,” वरून चंद्रव्वाचा आवाज आला. फार मोठा नाही. “जेवाय या.”

अण्णांचा पाय ब्रेकवर गेला. कवळी तोंडात, फेटा नसलेल्या डोक्यावरून एक हात, आणि गाडी भर घाटात सोडून ते जिन्याकडे चालू लागले. लोकांनी थांबा म्हटलं, अजून एकदा दाखवा म्हटलं. ते थांबले नाहीत.

सावित्रम्मा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग वर, चंद्रव्वाचा आवाज आला होता तिकडे. प्रभाताई काही सांगायला तोंड उघडणार होत्या, पण तिने हातानेच त्यांना गप्प केलं.

“कळलं,” ती म्हणाली. “गाडी हिची हाय.”