तिच्या खोलीतले ओले बूट

अन्याय झाला तो माझ्या कोरियन फ्लॅटमेटवर, तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या नववर्षाच्या सकाळी. ओल्या बुटांचा वास आला की जर्मनीतल्या गार्चिंगमधली तिची खोली मला अजून दिसते: हीटरजवळ टेकून ठेवलेला फोन, त्यात सोलहून बघणारे तिचे आईवडील आणि त्यांना नमस्कार करायला जमिनीपर्यंत वाकलेली ती. तेवढ्यात आमचा जर्मन फ्लॅटमेट बर्फाने माखलेल्या बुटांनिशी थेट आत घुसला. “आल्झो, तर मग, चार्जर घेतो नि निघालोच!” ती म्हणाली, “बूट, प्लीज.” “अगं, जमीनच आहे ना, पुसली की झालं!” जमीनच? अरे, ती त्याच जमिनीवर जेवते, तिथेच गादी टाकून झोपते! तो गेल्यावर तिने चिखल पुसला आणि पुन्हा वाकली, पण फोनमधली आई तिला कोरियनमध्ये काहीतरी विचारू लागली. मी दारात मोज्यांवर उभी होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “आई काय म्हणाली?” “तिथे तुझं ऐकणारं कुणी आहे का, विचारत होती.” आज मी फ्रँकफर्टला असते, ती कुठे असते ठाऊक नाही. म्हणून तुम्हालाच बजावते: कुणी “बूट, प्लीज” म्हणालं, तर वाद घालू नका. काढा!