कागेहाच्या पिंपातले शेपटीवाले

कागेहाला शिकवायची खाज होती. मारागोलीच्या त्या अख्ख्या टेकडीवर तिने काही ना काही शिकवलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. चूल कशी फुंकावी, रताळं शिजलं हे वासावरून कसं ओळखावं, पळणारी कोंबडी कोणत्या बाजूने धरावी. झऱ्यावरून चाळीस वर्षं डोक्यावर पाणी आणणाऱ्या बाईला वाटेत थांबवून ती मान कशी ठेवायची ते सांगायची. लोक मुकाट्याने ऐकून घेत, कारण मध्ये बोललं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

या खाजेमागे एक जुनं दुखणं होतं. चौथीत ती वर्गात पहिली आली, आणि त्याच महिन्यात बाळंतीण आईच्या हाताखाली कोणीतरी हवं म्हणून बापाने तिची शाळा सोडवली. भाऊ शिकत राहिला आणि पुढे तीनदा नापास झाला. हे ती अजून सांगते, भाऊ समोर बसून जेवत असला तरी सांगते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचं नशीब उघडेल असं वाटू लागलं. चर्चच्या महिला मंडळात वीस जणी होत्या, सगळ्या भाजी पिकवणाऱ्या. पलीकडच्या टेकड्यांवरच्या मंडळांनी निरोप धाडला, की तुमच्यातली एखादी म्वालिमू, म्हणजे मास्तरीण, महिन्यातून एकदा आमच्याकडे पाठवा. ज्यांना मास्तरीण व्हायचंय त्यांनी मंडळाला आपल्या वाडीवर बोलवायचं आणि एक धडा द्यायचा, असं ठरलं. दोघींनी नावं दिली. त्यातल्या एकीच्या धड्यात तीन जणी बसल्या जागी झोपल्या आणि एक पडली. आता कागेहाची पाळी होती.

तिचा धडा होता पातळ खताचा. शेण आणि कुंपणावरच्या रानसूर्यफुलाचा पाला गोणपाटात भरायचा, गोणी आडव्या काठीला बांधून पाण्याच्या पिंपात सोडायची, रोज ढवळायचं, तीन आठवड्यांनी चहाच्या रंगाचं पाणी तयार. वास असा, की शेजाऱ्याची गाय तोंड फिरवते. पण ते पाणी पातळ करून सुकुमाच्या पालेभाजीला घातलं की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात. कागेहाच्या खताची कीर्ती मोठी होती आणि ती बरीचशी तिनेच पसरवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला म्हणून ती पिंपाचं झाकण दिवस दिवस उघडंच ठेवायची. शेवटच्या आठवड्यात मात्र तिने ते गच्च बंद केलं, ढवळणंही सोडलं. धड्याच्या दिवशी सगळ्यांसमोरच उघडायचं, असा तिचा बेत होता.

"अमुगुनीची आई, आधी एकदा आत बघून घे," अदागाला नावाचा तिचा नवरा तिला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारत म्हणाला.

"मी काय आज पहिल्यांदा करतेय का खत?" ती म्हणाली. "तुम्ही चहाचं बघा."

गुरुवारी बायका गात गात आल्या. ॲव्होकॅडोच्या झाडाखाली बाकं मांडली होती. चहा झाला, उकडलेल्या शेंगा झाल्या. पुढच्या बाकावर मंडळाच्या प्रमुख रासोआ आजी, वय ऐंशीच्या पुढे, कानाला हात लावून. त्यांच्या शेजारी इमाली, कागेहाची लहानपणापासूनची मैत्रीण. इमालीची जीभ इतकी तिखट, की नवरा जेवताना दार उघडं ठेवून बसायचा.

कागेहाने हातात छडी घेतली होती. दोन दिवस शोधून, सोलून, तेल लावून तयार केलेली छडी. "आता तुम्ही पाहाल," ती म्हणाली, "की खत कसं दिसायला हवं." आणि तिने झाकण काढलं.

पिंप वळवळत होतं. बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या, शेकड्यांनी, आणि प्रत्येकीला तिच्याहून लांब बारीक शेपूट. शेपट्या पाण्यावर येत होत्या, हलत होत्या, जणू हात वर करून हजेरी देत होत्या. ही अळी बिचारी कोणाच्या अध्यात ना मध्यात. शेपटीने श्वास घेते, घाणीतलं खाते, आणि पुढे तिची मधमाशीसारखी दिसणारी, न चावणारी माशी होते. पण त्या दिवशी त्या टेकडीवर हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कागेहाला तर मुळीच नाही. चौथीपासून ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या पिंपात बुडताना तिला दिसलं.

बायका उठून पिंपाभोवती जमल्या. आश्चर्य म्हणजे कोणी किंचाळलं नाही. सगळ्या एकमेकींकडे चोरून बघत होत्या.

"कागेहा," इमाली म्हणाली, "हे खत आहे की सूप?"

"खत."

"मग हे कोण?"

कागेहाने आयुष्यात कधी उत्तर चुकवलं नव्हतं. "कामगार," ती म्हणाली.

"कोण?"

"कामगार. मी ठेवलेत. शेण काय आपोआप विरघळतं? हे खातात, कालवतात. तुम्ही रोज काठीने ढवळून हात मोडून घेता. मी ढवळतच नाही."

"आणि शेपट्या?"

"त्यांनीच तर ढवळतात."

मागे उभ्या असलेल्या अदागालाच्या किटलीतला चहा कपाबाहेर सांडला. बायकांनी मात्र वह्या काढल्या. हे पाहून कागेहाला जो चेव चढला, तो काही विचारू नका. छडी हवेत फिरू लागली.

"एका पिंपाला किती घालायचे गं?" रासोआ आजींनी विचारलं.

"चाळीस, आजी."

"त्यात नर किती?" इमालीने विचारलं.

"निम्मे."

"ओळखायचे कसे?"

"नराची शेपटी आळशी असते."

यावर जो हशा उठला त्याने कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. एकीने "शेपटी आळशी" असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. रासोआ आजींनी तिथल्या तिथे विचारलं, "कागेहाला मास्तरीण करायची का?" एकोणीसच्या एकोणीस जणींचे हात वर गेले. इमालीने तर दोन्ही वर केले.

आता, मारागोलीत पाहुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. कागेहाने मार्गारिनचे धुतलेले डबे जमवून ठेवले होते, प्रत्येकीला थोडं थोडं खत द्यायला. पण बायकांना खत नको होतं, कामगार हवे होते. त्यांनी पिंपाला गराडा घातला. "मला जाड दे," "मला ढवळणारे दे," "हा माझा होता, सोड," असा गलका झाला. बाक उलटलं, छडी पिंपात पडली. एकीने निवडून निवडून आळशी शेपटीवाले परत टाकले, घरी एक आहे तेवढा पुरे म्हणून.

पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला जाणं हाही तिथला रिवाज. कागेहा निघाली. पुढेमागे एकोणीस डबे, आणि जी ती "म्वालिमू, हे ऐक," "म्वालिमू, ते सांग." हाच शब्द कानावर पडावा म्हणून ती जन्मभर झुरली होती. आता तो दर पावलाला येत होता आणि प्रत्येक वेळी चपलेत खडा गेल्यासारखा टोचत होता. रासोआ आजी तिच्या दंडाला धरून चालत होत्या. त्यांनी डबा लुगड्याच्या पदरासारख्या घेतलेल्या फडक्यात गुंडाळला होता.

"म्वालिमू," आजींनी हळूच विचारलं, "संध्याकाळी गार होतं. यांना चुलीजवळ ठेवलं तर चालेल ना? थंडीने शेपट्या आखडायच्या."

कागेहा रस्त्याच्या मधोमध थांबली.

"आजी, तो डबा मला द्या," ती म्हणाली. "सगळ्यांनीच द्या. मी खोटं बोलले. हे काय आहेत ते मला माहीत नाही. मी ठेवले नाहीत. झाकण काढलं तेव्हा मीही पहिल्यांदाच पाहिले. तुमच्यासमोर माझी मास्तरकी जाईल म्हणून तोंडाला येईल ते बोलत सुटले."

कागेहाने मान खाली घातली.

"म्हणजे चाळीस नाहीत?" इमालीने विचारलं.

"मोजलेच नाहीत."

"आणि आळशी शेपटी?"

"ती अदागालावरून सुचली."

इमालीने डबा खाली ठेवला. तिने आधी हसू दाबून पाहिलं आणि मग ती खालीच बसली. "बये," ती म्हणाली, "माझ्या पिंपात मागच्या पावसाळ्यात अस्सेच झाले होते. मला वाटलं माझ्याच हाताला काही दोष लागलाय. अख्खं पिंप केळीत ओतलं आणि घरी सांगितलं, गाईने लाथ मारली."

"तुझ्याही?" मागून कोणीतरी म्हणालं.

मग झाकली मूठ उघडायला वेळ लागला नाही. घरोघरी मातीच्या चुली निघाल्या. कोणी पिंप जमिनीत पुरलं होतं, कोणी माहेरी पाठवलं होतं. एकीने पाद्र्याकडून पिंपावर प्रार्थना करवून घेतली होती, आत पिण्याचं पाणी आहे असं सांगून, आणि त्या भल्या माणसाने वर घोटभर मागितलं होतं. बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक मोटरसायकलवाला अपघात झाला समजून थांबला. त्याला कोणी सांगू शकेना, तेव्हा तो डब्यात डोकावला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

"आणि आजी, तुमच्या?" इमालीने डोळे पुसत विचारलं.

"दोनदा," रासोआ आजी म्हणाल्या.

कागेहा एकटीच हसत नव्हती. डबे गोळा करत ती सगळ्यांत मागे उभी होती. हसणं ओसरल्यावर आजींनी तिला जवळ बोलावलं.

"पलीकडच्या टेकडीवरही बायकांनी पिंपं पुरलीच असतील. तिथे गेलीस की काय सांगशील?"

"मी?" कागेहाने विचारलं. "अजून मीच?"

"मी तुला विचारलं, काय सांगशील."

कागेहाने बराच वेळ विचार केला. तिला इतका वेळ विचार करताना त्या टेकडीवर याआधी कोणी पाहिलं नव्हतं. "सांगेन, मला माहीत नाही," ती म्हणाली. "सगळ्या आपापली झाकणं काढा, मिळून बघू." आणि तिला रडू आलं, भर रस्त्यात, नाक ओढत, लहान मुलीसारखं.

"मग पहिल्या शनिवारी जा," आजी म्हणाल्या. "आणि आता हे डबे घेऊन पिंपाकडे धाव. उन्हात ठेवशील तर सगळे वाळतील."