मजीदभाईंचं कलम

मजीदभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी रियाधमध्ये, ओलायातल्या आमच्या ऑफिसात, डबा उघडत होतो. त्यांच्या मुलीचा, सनाचा, फोन आला. ती इथेच वाढलेली, माझ्याशी नेहमी हिंदीत बोलते. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "अंकल, अब्बा गेले. सकाळी चहा घेतला, आणि..." सुट्टीवर राजापूरजवळच्या गावी जाऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्याला आता दीड महिना होईल.

अकरा वर्षं आम्ही एकाच कन्सल्टन्सीत होतो. मी नाशिकचा, अग्निसुरक्षेचा इंजिनिअर. ते अरबीचे भाषांतरकार. मीटिंगमध्ये ते दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचे. स्वतःचं मत त्यांनी मांडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. भाषांतरकाराने मध्ये बोलू नये, असं तेच म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आपत्ती व्यवस्थापनाचे नियम नव्याने लिहायचं काम आलं. जुने नियम इमारती आणि कारखान्यांपुरते होते. देशाच्या नैऋत्येला असीरच्या डोंगरांवर जुनिपरचं जंगल आहे, याची त्यांत दखलच नव्हती. इकडे उन्हाळे लांबत चाललेले, झाडं उभ्या उभ्या वाळत होती. त्यातच सहलीला आलेल्या कुणाच्या तरी शेकोटीने एक डोंगरउतार पेटला. खालची वस्ती हलवायला शहरातून लेखी परवानगी लागायची. ती येईपर्यंत एका म्हाताऱ्या मेंढपाळाचे दोन्ही हात भाजले. तरीही नव्या मसुद्यात परवानगीचं ते कलम तसंच राहिलं होतं.

मी मीटिंगमध्ये आक्षेप घेतला. समोरचे सरकारी अधिकारी शांतपणे म्हणाले, जागेवरचा माणूस घाबरून भलताच आदेश देईल, त्याची जबाबदारी कोण घेणार? मजीदभाईंनी ते मला सांगितलं, आणि मग माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच अरबीत बोलू लागले. माझं अरबी यल्ला-खलासच्या पुढे कधी गेलं नाही. मला दिसले ते फक्त चेहरे. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

परतताना गाडीत मी विचारलं, काय सांगितलंत त्यांना? रस्त्याकडे बघतच ते बोलले. ते दहा वर्षांचे असताना गावच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, वणवा लागला. त्यांच्या काजूच्या बागेअलीकडे जाळरेषा काढायची, म्हणजे गवत-झुडपं तोडून आगीला अडवणारा मोकळा पट्टा करायचा, तर मधली जमीन सरकारी. परवानगी आणायला माणूस गेला आणि गाव त्याची वाट बघत उभं राहिलं. तेवढ्यात वारा फिरला. गोठ्यातली गुरं सोडायला धावलेली त्यांची थोरली बहीण जरीना परत आली नाही.

"कोयते हातात होते रे नितीन," ते म्हणाले. "काय करायचं ते सगळ्यांना कळत होतं. फक्त कर म्हणायला कुणी नव्हतं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आपणहून आमच्या ऑफिसच्या साहेबांकडे गेले आणि मर्यादा सोडून बोललो म्हणून माफी मागून आले. नोकरी गेली तर इकामाही, म्हणजे इथे राहायचा परवानाही, जाणार, हे ते जाणून होते. महिन्याभराने सुधारलेला मसुदा आला, आणि भाषांतराला तो त्यांच्याच टेबलावर पडला. जागेवरच्या प्रमुखाने आधी आदेश द्यावा, मग वर कळवावं. ते पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, बोट ठेवून दोनदा वाचून दाखवलं आणि नमाजला गेले.

मजीदभाई वारल्यावर, मागच्या आठवड्यात, मी बायको-मुलीला घेऊन असीरला सहलीला गेलो होतो. दुपारी कोरडा वारा सुटला. जंगलचौकीचा एक तरुण प्रमुख सगळ्यांना निखारे विझवून खाली उतरायला सांगत आला. शेजारच्या सतरंजीवरचा गृहस्थ चिडला. कुठे धूर नाही, काही नाही, हा हुकूम दिला कुणी, असं त्याने विचारलं. त्याच्या हातवाऱ्यांवरून तेवढं मलाही कळलं. त्या तरुणाने हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अना," तो म्हणाला. म्हणजे, मी.

वारा संध्याकाळी पडला. आग काही लागली नाही. घाट उतरताना बायको म्हणाली, उगाचच उठवलं ना आपल्याला?

मी म्हटलं, उगाच नाही.