चुका सांगायला संतपूरला

खोटं बोलायला निघालेल्या माणसाला निदान खिडकीची जागा तरी मिळावी, पण लातूरहून बिदरला जाणाऱ्या गाडीत मला तीही मिळाली नाही. खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांच्या पोटावरून वाकून मी बाहेरच्या भिंती वाचत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, “काय बगायलाव, बाई? काय पडलं का बाहेर?”

“पाटी वाचते आहे,” मी म्हणाले. “‘पाणि आडवा’ लिहिलंय. ‘पाणी’ला दुसरी वेलांटी हवी आणि ‘आडवा’तल्या ‘आ’चा काना काढून टाकायला हवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपी गेले.

तर ते खोटं असं. संतपूरला माझी मैत्रीण कमल राहते. तिला मी सांगणार होते की एका प्रकाशकाचा मोठा शब्दकोश तपासायला आला आहे, तो दोघींशिवाय होणार नाही, तेव्हा पिशवी भर आणि लातूरला चल. प्रत्यक्षात कोश वगैरे काही नव्हता. निवृत्तीनंतर मला काम द्यायला कुणी आलेलंच नव्हतं. दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यात मी होते. दिवसदिवस माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. दूधवाल्याला “हं” म्हटलं तर तेवढंच. एकटं वाटतं म्हणून ये, असं मला कमलला सांगता येत नव्हतं. कामासाठी ये, हे सांगता येत होतं.

कमल आणि मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. हे काम जोडीनं चालतं. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं समोरच्या छापील कागदावर डोळे लावून पेन्सिल चालवायची. वाचणारी नुसते शब्द वाचत नाही, सगळं वाचते: “स्वल्पविराम”, “पूर्णविराम”, “दुसरी वेलांटी”, “नवा परिच्छेद”. वाचणारी कमल आणि बघणारी मी. प्रत वाचताना तिचा शब्द धुतल्या तांदळासारखा, आणि डबा उघडला की लगेच भाषा तिच्या माहेरची, संतपूरची. डबा खाताना मी तिला सकाळी वाटेत दिसलेल्या चुका सांगायचे. ती ठसका लागेपर्यंत हसायची. नवरा गेल्यानंतरही ती तशीच हसायची, फक्त जरा उशिरानं. छापखाना सुटल्यावर ती माहेरी भावाकडे गेली. तेव्हापासून मला चुका दिसतात आणि सांगायला कुणी नसतं.

उदगीरला गाडी बराच वेळ थांबली. फाटकाजवळ कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक होता. त्यावर ‘हार्दीक शुभेच्छा’ आणि खाली ‘आर्शिवाद’. ‘वा’वर बसायचा रफार आधीच्या अक्षरावर जाऊन बसला होता. मी मनाशी म्हटलं, ही कमलला पहिल्यांदा सांगायची.

कमलनगर आलं आणि कर्नाटक सुरू झालं. कानडी अक्षरं मोठी झाली, मराठी त्यांच्या पायाशी बारीक होऊन बसली. भालकीच्या पुढे तर दिसेनाशीच झाली. दुकानं, दवाखाने, शाळा, सगळीकडे गोल गोल अक्षरं. जन्मभर मी पाट्यांशी भांडत आले. इथे एकाही पाटीत मला चूक काढता येईना. वाटलं होतं, डोळ्यांना विश्रांती मिळेल. उलट जीव घाबरा झाला. लग्नघरात सगळे एकमेकांशी बोलताहेत आणि आपल्याला कुणी ओळखत नाही, तसं झालं.

बिदरला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. इथली माती तांबडी, लातूरच्या काळ्या रानातून आल्यावर डोळ्यांत भरते. लोक इथे किल्ला पाहायला येतात. मी जुन्या गावातल्या एका हॉटेलात सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला खाऊ) खायला बसले. समोर बंद दुकानावर एक गंजलेली पत्र्याची पाटी होती आणि चक्क मराठीत: ‘येथे भांड्याना कल्हई करून मिळेल.’ ‘भांड्यांना’मधला अनुस्वार गायब. मला इतका आनंद झाला की मी घास तसाच ठेवून उठले. चुकलेलं का होईना, आपलं कुणी भेटलं. मी पाटीचा फोटो काढू लागले, तसा हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, “क्या देखते अम्मा? वो दुकान तो कब की बंद है. लोगां चले गये.”

“कहाँ?” मी विचारलं.

“क्या मालूम,” तो म्हणाला आणि माझ्या बशीत आणखी थोडा सुसला वाढून गेला.

संतपूरची बस औरादच्या रस्त्यानं जाते. बसवरची गावं कानडीत. विचारायला लाज वाटली, म्हणून एक गोल शेपटीचं अक्षर ‘सं’ असेल असं ठरवून मी चढले. गाव मागे पडल्यावर शेजारच्या बाईनं विचारलं, “कुठं जायलाव, अक्का?” संतपूर म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला. “चुकलाव की! ही भालकीची गाडी.” साऱ्या बसला माझी चूक कळली आणि सगळे मदतीला धावले. वाहकानं फाट्यावर उतरवलं, आणि त्या बाईनं खिडकीतून हात करून उलट दिशा दाखवली.

बिदरला परत येऊन दुसरी बस धरली. पुढे माती पुन्हा काळी झाली. तुरी फुलल्या होत्या, ज्वारी गुडघ्याला लागली होती. संतपूरला पोचले तेव्हा दिवस कलला होता. मी येणार हे फोनवर कळवलं होतं, कमल थांब्यावर उभी होती. “बर्री, बर्री (या, या),” म्हणाली आणि माझी पिशवी ओढून घेतली. थोडी वाळली होती. चाल मात्र घाईची झाली होती, ती छापखान्यात कधी नव्हती.

भावजयीनं भाकरी आणि पुंडी पल्या (अंबाडीची भाजी) वाढली. मी माझ्या चुका काढल्या. आर्शिवाद सांगितला, कल्हई सांगितली, फोटो दाखवला. कमल हसली, अगदी मनापासून हसली. पण मध्येच दाराशी एक बाई आली, “कमलक्का, फोनवर काय आलंय बगा की.” कमल उठून गेली. परत बसली तोवर दुसरी आली, तिच्या हातात दवाखान्याचा कागद होता. भालकीच्या बसची गोष्ट सांगायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला मारुतीच्या देवळात घेऊन गेली. भिंतीला काळा रंग लावून केलेला फळा होता, त्यावर खडूनं कानडी मजकूर. मी सवयीनं नजर वळवली.

“वाचा की,” कमल म्हणाली.

“मला कुठं कानडी येतं?”

“कानडी कुठं हाय?” असं म्हणून ती फळ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या जुन्या, छापखान्यातल्या आवाजात वाचू लागली, “उद्या सकाळी पानी येनार न्हाई, स्वल्पविराम, आजच भरून ठिवा, पूर्णविराम.”

अक्षरं कानडी होती आणि भाषा मराठी. गावातल्या बायका घरी मराठी बोलतात, पण शिकल्या त्या कानडी शाळेत. मराठी लिपी त्यांना वाचता येत नाही. म्हणून कमल त्यांची मराठी त्यांच्या अक्षरात लिहिते. हे ती मला समजावून सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. माझ्या कानात तो ‘स्वल्पविराम’च घोळत होता. दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी पदर डोळ्यांना लावला आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

मग बायका जमल्या. कमलनं पोथी उघडली. मराठी पोथी ती मोठ्यानं वाचते आणि सगळ्या ऐकतात, रोज. मी मागे भिंतीला टेकून बसले. तिचं वाचणं मी अर्धं आयुष्य ऐकलं, पण हातात पेन्सिल घेऊन. या बायका हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. एकीचा डोळा लागला, तरी कमल थांबली नाही. इथून हिला मी न्यायचं कसं?

तरी निघायच्या सकाळी विचारलंच. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी कोशाचं सगळं नीट रचून सांगितलं.

“केवढा हाय?” तिनं विचारलं.

“मोठा आहे. जाडजूड.”

“कवापत्तोर द्यायचा?”

“दीड महिन्यात मागतायत.”

तिनं भाकरी उलटली. “न्हाई जमनार, मंदाताई. हितं बाया वाट बगत्यात माझी.” मग पुढचा गोळा हातात घेऊन म्हणाली, “तुमीच ऱ्हावा की हितं.”

“मी इथं काय करू? मला इथली पाटीसुद्धा वाचता येत नाही.”

“मी दावते की वाचून.”

राहा म्हणणारं माणूस मला जगात हे एकच उरलं होतं. मला ते कळत होतं. आणि तरी मी विचारलं, “बिदरची बस कधी आहे गं?”

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. भालकी गेलं, कमलनगर गेलं, पाट्या पुन्हा मराठी झाल्या आणि चुका पुन्हा दिसू लागल्या. मी एकही लक्षात ठेवली नाही. सांगायच्या कुणाला? प्रवासाहून आलेल्या माणसाला घरचे विचारतात, काय काय पाहिलंस. मी कुलूप काढलं, पिशवी कॉटवर ठेवली आणि उभीच राहिले. बिदरला जाऊन किल्ला न पाहता आलीस, असं म्हणायलाही कुणी नव्हतं.

कमलला फोन लावला.

“पोचलाव का?”

“पोचले. कमल, तो कोश…”

“न्हाई ना? ठाव हाय मला. अवो, दीड म्हैन्यात कोश कोन तपासून मागतंय? आपल्याला दोन वर्सं लागली असती.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“इतक्या लांबून आलताव. चूक कामून काडू?”

तिच्या मागे कुणीतरी “कमलक्का” म्हणून हाक मारत होतं, पण ती फोन धरून थांबली. मग जे चुलीपुढे बोलायचं होतं ते मी बोलले. “कमल, मला इथं करमत नाही गं.”

“मग या की,” ती म्हणाली. “आन् येताना कोशबिश काय आनू नका.”