स्वखुशीने

नगरपालिकेत मी आस्थापना शाखेत कारकून होते आणि माझ्या अक्षराचा मला भारी गर्व होता. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. निम्म्या कामगारांना लिहिता येत नसे. त्यांचे रजेचे, राजीनाम्याचे अर्ज मीच लिहायचे. राजीनाम्यात ‘मी स्वखुशीने’ हे शब्द आलेच पाहिजेत, असा कचेरीचा रिवाज. खाली ‘वाचून दाखविले, मान्य आहे’ अशी ओळ आणि तिच्याखाली अंगठा. वाचून कुणीच दाखवत नसे. मीही नाही.

आमच्याकडे एक वॉलमन होते. पन्नाशीचे, पण सगळे त्यांना नाना म्हणायचे. पहाटे गल्लोगल्ली फिरून, वॉल उघडून ते नळांचं पाणी सोडायचे. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण पाणी वेळेवर यायचं. वॉल फिरवायच्या लांब लोखंडी चावीचं एक टोक जमिनीतल्या वॉलवर ठेवून दुसरं ते कानाला लावत आणि पाणी कुठवर पोचलंय ते ओळखत. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याची हौस.

पावसाळ्याच्या तोंडाशी, पालिकेनेच पाइपासाठी खणलेल्या चरात ते पडले. पाय मुरगळण्यावर निभावलं, पण तपासणीत डोळ्यांचं बिंग फुटलं. दाखल्यावर ‘पूर्ण अंध’ असं आलं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असं हेडक्लार्क हसून म्हणाले. वास्तविक पीठ काही कुणी खाल्लं नव्हतं, पण म्हण तोंडाशी आली की माणसाला राहवत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा घ्यायला सांगितला. घरात कमावणारे नाना एकटेच, हे मला ठाऊक होतं. तरी मी अर्ज लिहायला घेतला, आणि समास सोडून, सुबक लिहिला.

शाईचं पॅड पुढे केलं, तर नानांनी हात मागे घेतला. म्हणाले, आधी वाचा. इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. मी जरा चिडूनच वाचायला लागले. ‘स्वखुशीने’पाशी त्यांनी मला थांबवलं.

“ताई, यामा मनी खुशी कोठे शे? तुमनी व्हई ते तुमना अंगठा लावा.”

मला राग आला. मग लाज वाटली. हेडक्लार्कना विचारलं, तो शब्द काढू का? ते म्हणाले, त्या शब्दावरच तर सगळा अर्ज उभा आहे. मी पॅड मिटलं आणि नानांना दोन दिवसांनी यायला सांगितलं. काय करणार होते, मलाही माहीत नव्हतं.

अपंगांसाठी नवा कायदा झाल्याचं एक परिपत्रक आल्याचं अंधूक आठवत होतं. कपाट उपसलं. ‘माहितीस्तव’ लिहिलेल्या फायलीत ते सापडलं. आवक शिक्क्याशेजारी सही माझीच होती. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, दर्जा उतरवता येत नाही. त्याच पगारावर झेपेल असं दुसरं काम द्यायचं, आणि तशी जागा नसेल तर जादा पद करून त्याला निवृत्तीपर्यंत ठेवायचं. सगळं स्पष्ट मराठीत होतं. मी ते न वाचताच फायलीला लावलं होतं.

मी टिप्पणी लिहिली आणि परिपत्रक वर टाचलं. मुख्याधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापर्यंत तो कागद मीच पोचू दिला नव्हता. त्यांनी सही केली. नानांना पाण्याच्या तक्रारी घ्यायच्या खुर्चीवर बसवायचं ठरलं. कुठल्या गल्लीत पाणी आलं नाही एवढं ऐकलं, की कुठला वॉल अडकला असेल ते सांगणारा दुसरा माणूस गावात होता कुठे?

नाना आले तेव्हा मी आदेश शब्दन् शब्द वाचून दाखवला. मग न विचारताच परिपत्रकही वाचलं. मनातून मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाऊ कागद कधी उना व्हता, ताई?”

हिवाळ्यात, मी म्हणाले. सात महिने झाले.

रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात नाना म्हणाले, “आवंदाना बठ्ठा उन्हाया मी भर दुपारले निंघू. रस्तावर कोनी ऱ्हास नही ना. भितडाले हात लाई लाई पहाटना फेरीसाठे पावलं मोजी ठेवू. कोनी देखं ते नोकरी जाई, एवढंच भ्याव वाटे.”

अख्खा उन्हाळा ते असे फिरले होते. खानदेशातला वैशाख. त्या दुपारी मी पंख्याखाली बसलेली असे, आणि तो कागद माझ्या पाठीमागच्या कपाटात होता.