एका अंशाचं शहाणपण

विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या हँगरमध्ये सगळे त्याला स्टेपनी म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं, दुसऱ्या कुणाला तसदी नको म्हणून. विमानातले माहिती दाखवणारे मोठे पडदे अचानक काळे पडले, तर वैमानिकाने ज्यांच्याकडे बघायचं ती राखीव उपकरणं सव्वीस वर्षं तो सांभाळत होता. उंची आणि वेग दाखवणाऱ्या तबकड्या बाहेरच्या हवेच्या दाबावर चालत, विजेचं नावच नको. विमान कललंय का हे सांगणाऱ्या तबकडीत मात्र एक भोवरा गरगरत असे. त्याची बॅटरी वेगळी, आणि तीही गेली तरी नऊएक मिनिटं तो तोल सोडत नसे. "मी भूक लागली की नऊ सेकंदांत सोडतो," असं तो बायकोला सांगे. या उपकरणांची गरज आजवर कुणाला पडली नव्हती. त्यामुळे आपण कामात तरबेज आहोत की नुसतेच नशीबवान, हे त्याला कधी कळलंच नाही.

एका सकाळी कल दाखवणाऱ्या तबकडीतली क्षितिजाची रेघ जेमतेम एक अंश कललेली दिसली. मोठे पडदे बंद होते. आधी विमान समपातळीत आहे का ते मोजायचं, हा शिकाऊ पोरांचा पहिला धडा. पण सव्वीस वर्षं मुरलेल्या माणसाने कशाला मोजायचं? त्याने स्क्रू सैल केले, तबकडी फिरवून रेघ सरळ केली, सही ठोकली आणि स्वतःच्या नजरेवर बेहद्द खूश होऊन चहा घ्यायला बसला.

विमान बाहेर गेलं. सफाईवाल्या बाईंनी मोकळ्या जमिनीवर बादली ओतली, तसं सगळं पाणी एका बाजूच्या गटाराकडे निघालं. त्याने कप खाली ठेवला. जमीनच उतरती होती! तबकडी खरं सांगत होती, आणि या दीडशहाण्याने तिला खोटं बोलायला लावलं होतं. शरमेने त्याचे कान तापले.

तो धापा टाकत कॉकपिटमध्ये पोचला तेव्हा प्रवासी बसत होते. त्याने झाला प्रकार सांगितला, तशा कॅप्टनबाई हसल्या. "अहो, एका अंशाने काय होतंय? आणि त्या तबकडीकडे बघतं कोण?"

तिथेच विषय सोडला असता तर बाकी कुणाला पत्ताही लागला नसता.

"तुम्ही बघाल ना बाई, तेव्हा दुसरं काही बघायला उरलेलं नसेल. चूक माझी आहे, तसंच लिहा."

त्याने या वेळी मोजून तबकडी पुन्हा नीट बसवली, आणि विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको फोन ठेवत होती. तिचा भाऊ नेमका त्याच विमानात होता. "दादा जाम वैतागलाय. कुणा बावळट मेकॅनिकने म्हणे विमान अडकवून ठेवलं."

"पोचला ना पण?"

"पोचला की. का हो?"

"मग तो बावळट मीच," असं म्हणून तो जेवायला बसला.